प्रत्येक श्वास पहिला

मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बाळाच्या डॉक्टरबाईंनी मला हॉस्पिटलात बोलावून घेतलं. त्यांच्या वॉर्डात एक मुलगी होती, माझ्याहून लहान. तिचं बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, काचेच्या पेटीत होतं. "तू यातून गेली आहेस. तिच्याजवळ बस, दोन शब्द बोल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी बसले. बराच वेळ बसले. शेवटी विचारलं, "पाणी हवंय का?" ती नको म्हणाली. मी घरी आले.

तिला जे सांगायचं राहिलं, ते हे आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरात शिकले तेवढंच. पण त्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं, आणि माझ्या सासूबाईंनाही येत नाही. ही गोष्ट जितकी माझी आहे तितकीच त्यांची आहे.

*

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. मी, सुधीर आणि त्याची आई. मीही त्यांना आईच म्हणते, माझ्या आईला मम्मी. मम्मी-पप्पा मुलुंडला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. डोहाळजेवण झालं की मी मुलुंडला जाणार होते. हिरवी साडी आणून ठेवलेली होती. बाळाचं मात्र काहीच आणलेलं नव्हतं. जन्माआधी एक दुपटंही घरात आणायचं नाही, असं आईंचं म्हणणं.

आठवा महिना नुकताच लागला होता. एका सकाळी मी ओट्याशी उभी असताना माझी साडी भिजली. मला वाटलं, हातातलं भांडं कलंडलं. आईंनी फरशीकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि सुधीरला हाक मारली, "रे सुधीर, रिक्षा बघ!"

जवळच्याच नर्सिंग होममध्ये मुलगा झाला. इवलासा, लाल. तो रडला. रडला म्हणजे सगळं ठीक, असं मला वाटलं. सिनेमात तसंच असतं. नर्सने त्याला कापसात गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं. आईंनी घरून आपल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे आणले आणि त्यावरून पांघरले.

तासाभरात तो आवाज करायला लागला. दर वेळी श्वास सोडताना बारीक, घशातून, जोर लावल्यासारखा. अंह. अंह. अंह.

आईंचा चेहरा उजळला. "ऐकलंस गो? कुंथता! कुंथणारा पोर वाढता."

नवजात बाळ आळोखेपिळोखे देतं, कुंथतं, तेव्हा ते वाढत असतं, असं आमच्याकडच्या सगळ्या बायका मानतात. मम्मीसुद्धा. ती मुलुंडहून आली तेव्हा तिनेही ऐकलं आणि म्हणाली, "अगं बाई, केवढासा आहे आणि जोर बघ!" सुधीर तर खूशच होता. "पहिलवान आहे यार हा," म्हणत तो कान लावून बसला. मलाही तो आवाज आवडला. माझ्या कुशीत काहीतरी चाललंय, काम चाललंय, असं वाटत होतं.

दुपारी मी म्हटलं, "आई, हा थांबत नाहीये. सिस्टरना बोलवू का?"

"नको गो. उगाच सगळ्यांका दाखवू नको, दृष्ट लागात. वाढूं दे तेका."

दुपार उलटल्यावर सिस्टर स्वतःच आली, माझं ब्लड प्रेशर बघायला. तिने बाळाकडे एकदा पाहिलं, मग कापूस बाजूला केला. दर श्वासाला त्याची छाती आत ओढली जात होती. फासळ्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांभोवती निळं दिसत होतं. कापसाखाली हे सगळं झाकलेलं होतं. आम्ही नुसता आवाज ऐकत होतो.

सिस्टर धावत गेली.

*

संध्याकाळी आम्ही महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात होतो. मला बाळंतिणींच्या वॉर्डात खाट मिळाली. त्याला वेगळ्या खोलीत नेलं.

हॉस्पिटलात दोन प्रकारचे लोक असतात. ज्यांना काय चाललंय ते कळतं ते, आणि बाकावरचे. सुधीर आणि आई बाकावर. मी मधे कुठेतरी. डॉक्टरबाई गुजराती होत्या, इंग्रजीत बोलायच्या. जमेल तशी हिंदी. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. त्या मला सगळं सांगायच्या. आणि मी बाहेर येऊन बाकावर मराठीत सांगायचं.

जन्मभर मी चारचौघांत तोंड उघडणं टाळलं होतं. आता घरातलं प्रत्येक वाईट वाक्य माझ्याच तोंडून निघणार होतं.

"काय गं, काय बोलली ती?" सुधीर म्हणाला. "मला सरळ सांग ना. घाबरवू नकोस, पण सरळ सांग."

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं असं होतं. आपल्या फुफ्फुसांत अगदी बारीक फुगे असतात. ते आतून ओले असतात. ओल्या गोष्टी एकमेकींना चिकटतात. ते फुगे चिकटून बंद होऊ नयेत म्हणून त्यांच्या आत एक पातळ थर असतो, साबणाच्या पाण्यासारखा निसरडा. तो आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांत तयार होतो. आमचं बाळ त्याआधी आलं. त्यामुळे त्याने श्वास सोडला की फुगे मिटतात, आणि पुढचा श्वास घेताना ते सगळे पुन्हा ओढून उघडावे लागतात.

"जन्मल्यावरचा पहिला श्वास सगळ्यात कठीण," त्या म्हणाल्या होत्या. "पुढचे सोपे होत जातात. तुझ्या बाळाला प्रत्येक श्वास पहिला आहे."

हे मी बाकावर कसंबसं सांगितलं. शब्द सापडत नव्हते. फुगे, थर, साबण, असं काहीतरी तुटक.

"साबण?" आई म्हणाल्या. "फुफ्फुसात साबण? काय सांगतस गो?"

"साबणासारखं, आई. ते त्याच्यात नाहीये अजून."

"मग तेंका सांग ना, द्या म्हणान. खय मिळता ता सांगूं दे, सुधीर घेवन येतलो."

सुधीर उभाच राहिला होता, निघाल्यासारखा.

"मिळत नाही ते," मी म्हटलं. "कुठेच मिळत नाही. त्याचं त्यालाच बनवायचंय. तिसऱ्या दिवसाच्या आसपास बनायला लागतं म्हणाल्या. तोपर्यंत त्याने टिकायला हवं."

आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना समजलेलं नव्हतं, आणि मला त्यांना न समजवता आत जाववत नव्हतं. मग मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ओट्यावरच्या टाइल्सवर चिकटवून वाळवतात. वाळल्या की गठ्ठा करून रद्दीवाल्याला देतात. आमची भिंत सकाळी पिशव्यांनीच भरलेली असते.

"आई, दुधाची पिशवी धुतली की ती आतून चिकटते ना?"

"चिकटता. मग फुंकून उघडूक लागता."

"त्याच्या आत तशा पिशव्या आहेत. बारीक बारीक. सगळ्या ओल्या, चिकटलेल्या. दर श्वासाला त्या त्याला उघडाव्या लागतायत. आणि पुन्हा मिटू नयेत म्हणून तो श्वास पुरता सोडत नाही. घसा आवळून थोडी हवा आत अडवून धरतो. तो आवाज..."

आईंनी पदर तोंडाशी नेला. समजलेलं मला त्यांच्या हातावरून दिसलं.

"म्हणान कुंथता तो," त्या म्हणाल्या.

"हो."

"वाढूक नाय."

"नाही."

*

त्या खोलीतलं रोजचं असं असायचं. सकाळी फरशी फिनेलने पुसायचे. मग डॉक्टरांचा राउंड. मग थोडा वेळ आयांना आत सोडायचे, हात कोपरापर्यंत धुऊन, खोलीतल्या स्लिपर घालून. पेटीला गोल झाकण होतं, त्यातून हात घालायचा. पहिल्यांदा मी फक्त एक बोट घातलं. त्याचा तळपाय माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढा होता.

डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक डबा, त्यात ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दमायला लागला, तेव्हा नाकात नळ्या घातल्या. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. हवा त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडायची. तेवढ्या दाबाने फुगे उघडे राहतात, डॉक्टरबाईंनी सांगितलं. जे काम तो घशाने करत होता, ते आता बाटली करेल. आवाज थांबला. त्याच्या जागी बुडबुड.

मी बाहेर येऊन सांगितलं, "आता त्याला कुंथावं लागत नाहीये." आईंनी बाकावरच हात जोडले.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर गोराईची एक बाई होती. मासे विकणारी, चौथं बाळंतपण. तिचं बाळ ठणठणीत होतं, वॉर्डभर ओरडायचं. तिने पहिल्या संध्याकाळपासून मला मोकळं सोडलं नाही.

"ए इंग्लिश, जेवलीस का?"

"भूक नाही."

"भुकेचं कोण विचारतंय? दूध यायला पायजे ना? खा." आणि तिच्या डब्यातली भाकरी माझ्या ताटात. मग माझ्या सासूबाईंना, "कितव्या महिन्यातला गं मावशी?"

"सातव्यातलो," आई पटकन म्हणाल्या.

"मग जगतो! सातव्यातला जगतो. आठव्यातला असता ना, तर बाई देवाचं नाव घ्यायचं."

मी आईंकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरबाईंनी मला उलट सांगितलं होतं. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुफ्फुसांना हवा असतो, आठवा सातव्यापेक्षा केव्हाही बरा. पण त्या संध्याकाळपुरता मी त्याला सातव्यातला राहू दिलं. गोराईच्या बाईने तेवढ्यात आपल्या पोराला थोपटून म्हटलं, "गप रे, तुझा दोस्त झोपलाय तिकडे." तिने त्याला दोस्त म्हटलं. त्या हॉस्पिटलात त्याला बाळ किंवा पेशंट यापलीकडे काही म्हणणारी ती एकटीच.

आमच्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. पेटीवर माझंच नाव चिकटवलेलं होतं. मी त्याच्यासाठी एक नाव ठरवलं होतं. झाकणातून हात घालून ते मी त्याला सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी आईंनी डॉक्टरबाईंना गाठलं. मला सांगितलं, "इचार तेंका. मी हिका सिस्टरक बोलवूक दिलंय नाय. त्येच्यान काय झाला, ता इचार. आणि ती सांगतली ता सगळा सांग माका. लपवू नको."

मी विचारलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, ऑक्सिजन लवकर मिळाला असता तर तो थोडा कमी दमला असता, हे खरं आहे. पण त्याच्यात जे नाही ते सकाळी आणलं असतंत तरी मी देऊ शकले नसते. तीन दिवसांची लढाई त्याला तशीही लढावीच लागली असती.

मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आईंनी फक्त पहिली ऐकली.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मला दूध आलं.

पहाटे जाग आली तर ब्लाउज भिजलेला, छाती दगडासारखी. गोराईची बाई उठून बसली. "आलं! इंग्लिशला आलं!" म्हणून तिने नर्सला हाक मारली. मला हसू आलं. त्या तीन दिवसांत मी हसले ते तेवढंच. नर्सने वाटी दिली, मी पिळून दूध काढलं, नळीवाटे त्याला दोन चमचे देता येतील, असं ती म्हणाली. वाटी घेऊन मी त्या खोलीच्या दाराशी गेले. बाकावरून जाताना आईंना दाखवली. त्या उठल्या आणि वाटीला नुसतं बोट लावून ते आपल्या कपाळाला लावलं.

दारात मला थांबवलं.

त्याच्या एका बाजूचं फुफ्फुस फुटलं होतं. असं होऊ शकतं, हे मला नंतर कळलं. इतक्या जोराने उघडताना एखादा फुगा फाटतो, हवा छातीत साठते आणि उरलेलं फुफ्फुस दाबलं जातं. डॉक्टरबाई त्याच्यावर वाकलेल्या होत्या. त्यांच्या पाठीमुळे मला तो दिसत नव्हता. बाटलीतले बुडबुडे दिसत होते. ते येत राहिले. बुडबुडे हवेमुळे येतात, त्याच्यामुळे नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. बुडबुडे येतायत तोवर तो आहे, असं मी धरून चालले होते.

मग एका नर्सने हवेचा नळ बंद केला.

दोन गोष्टी तिसऱ्या दिवशी यायच्या होत्या. माझं दूध आणि त्याच्या आतला तो थर. माझं आलं.

*

त्याला माझ्या हातात दिलं. या हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच नळ्यांशिवाय. मी त्याच्या छातीकडे बघत राहिले, कारण तीन दिवस मी तेच केलं होतं.

सुधीर आणि त्याचा चुलतभाऊ त्याला घेऊन गेले. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत, बाळंतीण तर नाहीच. ती जागा मी अजून पाहिलेली नाही. सुधीर पुष्कळ दिवसांनी एकदाच बोलला, तेही दिवा मालवल्यावर. "खड्ड्यात मीठ घालायचं असतं गं. मी वाण्याकडे मीठ मागितलं, तर तो विचारतो, एवढं काय, लोणचं घालताय?" तो हसला, आणि मग किती तरी वेळ मी त्याच्या पाठीवर हात ठेवून होते.

दूध थांबत नाही. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बाळ गेल्याचं शरीराला कळत नाही. शेजारच्या खाटेवरचं पोर रडलं की माझा ब्लाउज भिजायचा. गोराईच्या बाईने त्या दिवशी आपलं पोर रडू दिलं नाही. सारखं छातीशी धरून होती. जाताना मला म्हणाली, "ए पोरी," इंग्लिश नाही म्हणाली, "घरी जाऊन रड. इथे नको. इथे सगळ्या ओल्या बाळंतिणी."

घरी आल्यावर आईंनी स्टेशनवरून मोगऱ्याची फुलं आणली. मोगरा छातीवर बांधला की दूध आटतं. मला समोर बसवून त्यांनी फुलं पसरली, वर लुगड्याची पट्टी आवळून बांधली. त्याच लुगड्याची. रोज सकाळी सुकलेली फुलं काढायच्या आणि ताजी बांधायच्या. आम्ही दोघी बोलत नव्हतो. पण त्यांचे हात कधी घाईत नव्हते. दूध आटलं. मोगरा मात्र मला आजही सहन होत नाही. कुणाच्या केसात असला तर मी जागा बदलते.

त्यानंतर आईंनी दुधाच्या पिशव्या धुणं सोडून दिलं. रिकामी पिशवी थेट कचऱ्यात. टाइल्स कोऱ्या राहायला लागल्या. रद्दीवाल्याने एकदा विचारलं, "आजी, पिशव्या?" त्या म्हणाल्या, "दूध बंद केला." दूध रोज येत होतं.

*

त्या मुलीला, आणि तिच्यासारख्या कुणाला, मला एवढं सांगायचं आहे.

बाळाचं साधं कुंथणं येतं आणि जातं. आळस देताना, शी करताना. ते बाळ वाढतच असतं. पण आवाज दर श्वासाला येत असेल आणि थांबतच नसेल, तर कापूस बाजूला करा आणि छाती बघा. आत ओढली जात असेल तर कुणाला तरी बोलवा. ओरडा. मला ओरडता येत नाही, तरी मी आता ओरडेन.

मागच्या महिन्यात त्या मुलीजवळून उठून निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या, परदेशात आता वासरांच्या फुफ्फुसांतून तो थर काढून औषध करतात आणि नळीने बाळाच्या छातीत सोडतात. आपल्याकडे १९९१ साल उजाडलं तरी अजून नाही, पण येईल. आधीच लक्षात आलं तर आईलाही काही इंजेक्शनं देतात, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होण्यासाठी. हे ऐकताना मला आनंद झाला, हे खरं सांगते. मग घरी येऊन मी मोरीत जाऊन नळ सोडला.

हे सगळं त्या दिवशी घरी सांगितलं. वासराचं ऐकून सुधीर उठला. चप्पल घालून बाहेर गेला. आई निवडत असलेले तांदूळ निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर आई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालू होता. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती, धुतलेली. त्यांनी ती तोंडाशी नेली आणि फुंकर मारली. पिशवी उघडली. त्यांनी तोंड बाजूला केलं, ती पुन्हा मिटली, ओली, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून. पुन्हा फुंकर. पुन्हा मिटली. त्या धापा टाकत होत्या. त्यांना दम्याचा त्रास आहे.

"आई, राहू द्या."

त्या वळल्या नाहीत. "किती बारीक असतले गो ते?"

"डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे."

"आणि कितके?"

"लाखो."

त्यांनी पिशवी हातात धरली. पाणी ठिबकत होतं.

"लाखो," त्या म्हणाल्या. "आणि तो एकटोच उघडीत होतो. दर श्वासाक. कोणी शिकवल्याशिवाय."

मी नळ बंद केला. त्यांनी पिशवी टाइल्सवर ठेवली आणि तळहाताने सावकाश दाबून चिकटवली.